पोट भरलं की मान मिळतो का?

रानवारा (धागाकर्ता):
‘नोकऱ्या द्या, घरं द्या, मान आपोआप येतो’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला हे साफ अमान्य आहे. महाडचंच घ्या. चवदार तळं सर्वांना खुलं करायचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं. त्या डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी स्वच्छ सांगितलं, की हे पाणी प्यायलो नव्हतो म्हणून आम्ही काही मेलो नव्हतो. आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला तिथे जायचंय. नुसती तहान भागवायची असती तर वेगळी विहीर खणूनही भागलं असतं.

हिशेबी:
असहमत. याच बाबासाहेबांनी १९३७ ला खोती (कोकणातली जमीनदारी) रद्द करायचं विधेयक मांडलं, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. म्हणजे जमीन आणि शिक्षण. ज्याचं पोट दुसऱ्याच्या हातात, तो मान वर करणार कशी? उपाशी माणसाला अध्यात्म सांगणं मला निर्दयपणा वाटतो. ‘पुढच्या जन्मी मिळेल’ म्हणतच पिढ्यान् पिढ्या राबवून घेतलं ना?

मोगरा:
@हिशेबी, आमच्या सोसायटीत कामाच्या मावशींना पगार वेळेवर, दिवाळीला बोनसही. पण लिफ्ट वेगळी आणि चहाचा कप ओट्याखाली, पालथा घातलेला. पगार दुप्पट केला तर तो कप वर येईल?

हिशेबी:
येणार नाही. पण त्यांची मुलगी नर्स झाली, की असल्या घरी काम करायची वेळ तिच्यावर येणार नाही.

रानवारा:
तिच्यावर नाही येणार. कप तिथेच राहील, दुसऱ्या कुणासाठी.
आणि पुढच्या जन्माचं मी म्हणतच नाहीये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा देताना बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देव-अवतार नाकारलेत, श्राद्ध-पिंडदानही. राहिलं ते प्रज्ञा, शील, करुणा. अस्पृश्यता संविधानाने १९५० लाच बंद केली होती, राखीव जागाही होत्या. एवढं हाताशी असून धम्म कशाला लागला? दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनीच सांगितलं, की माणसाला पोटाबरोबर मनही आहे.

हिशेबी:
नागपुरात दीक्षा घ्यायला जमलेल्या त्या गर्दीतल्या बहुतेकांकडे ना जमीन होती ना शिक्षण, तरी ते आले. हे मला खोडता येत नाही. पण त्यांच्या नातवंडांची शिष्यवृत्ती रखडली तर नुसत्या शील-करुणेवर फी भरली जात नाही. मी आधी तिच्यासाठीच भांडणार.