लहान खोलीसाठी स्टँडवरचे छोटे स्पीकर की थेट टॉवर?

मध्यलय
साधारण तीन बाय चार मीटरच्या खोलीसाठी स्टिरिओ जमवताना बरेच जण आधी टॉवर बघतात. थेट जमिनीवर उभे राहणारे, उंच, भारदस्त, दोन-तीन वूफरवाले (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा). माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या खोलीत स्टँडवरचे छोटे टू-वे स्पीकरच हवेत, म्हणजे खालच्या-मधल्या सुरांना एक वूफर आणि वरच्यांना एक छोटा ट्वीटर असलेले.

पहिलं कारण खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एखाद्या सुराची अर्धी तरंगलांबी बरोबर बसली की तो सूर घुमतो. चार मीटरच्या अंतरात हे साधारण ४३ हर्ट्झला होतं, तीन मीटरमध्ये ५७ ला. टॉवर नेमका याच पट्ट्यात पूर्ण ताकदीने वाजतो. मग तो एक सूर रेंगाळत राहतो आणि गायकाचे शब्द त्याखाली दबतात. छोटा स्पीकर ६० हर्ट्झच्या आसपास उतरणीला लागलेला असतो, त्यामुळे खोलीला चिथावणी कमी.

दुसरं कारण पेटी. लहान पेटीच्या भिंती लहान, म्हणून त्या ताठ ठेवणं सोपं, पेटी स्वतः कमी थरथरते. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बनवला. गाडीत मोठा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर) मावत नव्हता. पाच इंची वूफर, पाचेक लिटरची पेटी. खोल बास त्यांनी जाणूनबुजून सोडला आणि माणसाचा आवाज खरा ठेवला. त्याच नमुन्याचे स्पीकर आजही बनतात, यात सगळं आलं.

खर्जप्रेमी
मध्यलय, खोलीचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही. खोली जिथे घुमते तिथे स्पीकरने गप्प बसावं, हा उपाय कसा झाला? घुमणारा सूर खुर्ची थोडी पुढेमागे सरकवून कमी करता येतो. स्पीकरमधून जे निघालंच नाही ते मात्र कुठेही बसलात तरी ऐकू येणार नाही.

डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. पियानोची शेवटची पट्टी २७.५. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. पाच इंची पडदा किती हलणार? आणि तुमच्या मुद्द्याला खरा धक्का इथे बसतो: टू-वेमध्ये जो पडदा बास वाजवतो तोच गायकाचा आवाजही वाजवतो. खालच्या सुरांसाठी तो जोरात मागेपुढे झाला की वरचा आवाज गढूळ होतो. थ्री-वे टॉवरमध्ये मधल्या पट्ट्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे वेगळा पडदा असतो, त्याला हा त्रास नाही.

शिवाय स्टँड धरला तर जमिनीवरची जागा दोघांना सारखीच लागते. मग छोट्या स्पीकरने वाचवलं काय?

मध्यलय
पडदा गढूळ होण्याचा मुद्दा खरा आहे, पण तो मोठ्या आवाजात. लहान खोलीत आपण दोनच मीटरवर बसतो. गणित करा. ८३ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (दिलेल्या वॅटमागे किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर एक वॅटवर एक मीटरला ८३ देतो, दोन मीटरला सुमारे ७७. दोन स्पीकरचे मिळून ८०. बत्तीस वॅट दिले की ९५. घरात ऐकताना सर्वांत जोरकस क्षणालाही बहुतेकांना याहून जास्त लागत नाही.

खर्जप्रेमी
हे गणित मधल्या पट्ट्याचं झालं. ५० हर्ट्झला ९५ डेसिबल मागून बघा, तो पडदा धडकायला लागेल. आणि हळू आवाजात तर बास जास्तच हवा. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज कमी केला की कानाला खालचे सूर सर्वांत आधी कमी ऐकू येतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू ऐकणाऱ्याला तुम्ही छोटे स्पीकर सुचवताय, म्हणजे त्याच्या वाट्याला तुटपुंजा बास दोनदा आला.

नवा श्रोता
मध्येच विचारतो. स्टँड न घेता टेबलावर किंवा कपाटात ठेवले तर चालतील ना? बुकशेल्फच म्हणतात त्यांना.

मध्यलय
कपाटात नको. आजूबाजूच्या फळ्यांमुळे बास फुगतो, मागे पोर्ट (बास वाढवणारं पेटीचं भोक) असेल तर आणखीच. टेबलाच्या पृष्ठभागावरून परतणारा आवाज थेट आवाजात मिसळतो आणि गायक समोर उभा आहे असं वाटणं संपतं. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा जड, न डुगडुगणारा स्टँड घ्या. बहुतेक खुर्च्यांना साठेक सेंटिमीटरचा जमतो. त्याचा खर्च स्पीकरच्याच खर्चात धरा.

मोजपट्टी
तुम्ही दोघं एका जागेवरून भांडताय. गायक समोर दिसायला स्पीकर जिथे हवेत, तिथून बास चांगला येईलच असं नाही. उदाहरणार्थ, स्पीकरचा पुढचा भाग मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परतलेला आवाज थेट आवाजाला मारतो. टॉवरला यातून सुटका नाही, त्याचे सगळे ड्रायव्हर एकाच जागी बांधलेले.

म्हणून माझं मत छोटे स्पीकर अधिक सबवूफर, म्हणजे फक्त खोल बास वाजवणारी वेगळी पेटी. ८० हर्ट्झच्या खालचं सबला द्या आणि तो खोलीला मानवेल अशा कोपऱ्यात सरकवा. पण स्पीकरला जाणाऱ्या सिग्नलमधूनही तेवढा बास कापला पाहिजे. नुसता सब जोडून स्पीकर पूर्ण पट्ट्यात वाजवत ठेवले तर छोट्या पडद्याचं ओझं तसंच राहतं. हे केलं की खर्जप्रेमींचा गढूळपणाचा आक्षेप बराचसा निकालात निघतो.

आणि निवडताना फक्त समोरची फ्रीक्वेन्सी रेषा (कोणता सूर किती जोरात वाजतो त्याचा आलेख) बघू नका. स्पीकर बाजूला कसा वाजतो तेही बघा, कारण खोलीत आपल्यापर्यंत भिंतींवरून आलेला आवाज बराच असतो. बाजूचा आलेख समोरच्यासारखाच, फक्त हळूहळू उतरत जाणारा हवा. मध्येच खड्डा असेल तर त्या स्पीकरचा मुलायमपणा दुकानातच राहतो.

खर्जप्रेमी
सब कागदावर छान दिसतो. फेज (सब आणि स्पीकरच्या लहरींचा मेळ), पातळी, जागा, सगळं जुळवायला मोजमापाचा माइक आणि चिकाटी लागते. नाही जुळलं तर बास वेगळा आणि गाणं वेगळं ऐकू येतं. चांगल्या टॉवरमध्ये क्रॉसओव्हरचं, म्हणजे कोणते सूर कोणत्या ड्रायव्हरला द्यायचे हे ठरवण्याचं काम बनवणाऱ्याने आधीच केलेलं असतं. मी अजूनही सीलबंद, म्हणजे पोर्ट नसलेल्या पेटीचा टॉवर घेईन. सीलबंद पेटीत बास सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्यात २४ ने. हळूहळू उतरणारा बास लहान खोलीत जास्त सुसह्य असतो.

मध्यलय
सीलबंद पेटीबद्दल पूर्ण सहमत, मग ती टॉवरची का असेना. पण असे टॉवर शोधायला गेलात तर फार थोडे सापडतील, बहुतेक पोर्टवालेच आहेत.

नवा श्रोता, तुम्ही दोन्ही प्रकार ऐकाच. फक्त आवाजाची पातळी मीटरने सारखी करून घ्या. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी सरस वाटतो, आणि टॉवरची सेन्सिटिव्हिटी सहसा जास्त असते. एक बोलका आवाज, एक डबल बास आणि तुमच्या रोजच्या ऐकण्यातली एक बंदिश, तिन्ही रात्री ऐकता तेवढ्याच हळू वाजवा.