मदत हवी आहे: आजोबांच्या फियाटमध्ये टॅक्सीच्या इंजिनचा क्रँक चालेल का?

मंडळी, नौपाड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजोबांची १९६७ ची फियाट ११०० बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, गणपतीनंतर एकदाचं इंजिन उतरवलं. क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आधीच दोनदा ग्राइंड केलेला, म्हणजे घासून बारीक केलेला, त्यात तिसऱ्या सिलेंडरच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) नख अडकेल असे चरे. वागळे इस्टेटमधले मशीनिंगवाले काका म्हणाले आता घासायला काही उरलं नाही, दुसरा बघा.

म्हणून कुर्ल्याच्या भंगारातून पद्मिनी टॅक्सीचं अख्खं इंजिन आणलंय. दोन्ही १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक ७५ एमएम, कागदावर तरी सख्खे भाऊ. सगळे म्हणतात टॅक्सीचंच इंजिन टाक ना उचलून, पण आरसीवरचा नंबर आमच्या ब्लॉकवर आहे आणि पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने जी 'व्हीए' नोंदणी मिळते तिला गाडी मूळ रूपात लागते, त्यामुळे ब्लॉक बदलायचा नाही म्हणजे नाही.

तर टॅक्सीचा क्रँक (एकदाच ग्राइंड झालाय) आणि रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे) आमच्या ब्लॉकमध्ये टाकायचे, मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅपा (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या) पण तिकडच्या जास्त स्वच्छ दिसतायत त्या लावू का, आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तिकडचा नि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) आमचे असं चालतं का?

प्रतिसाद १: कॅपांना हात लावू नका हो! त्या आपापल्या ब्लॉकवर आवळूनच बोअर केलेल्या असतात, दुसऱ्याच्या लावल्या की भोक गोल राहत नाही, क्रँक आवळल्यावर फिरणारच नाही, किंवा फिरला तरी बेअरिंग खाईल. रॉडच्या कॅपा पण ज्याच्या त्यालाच, सोडवायच्या आधी नंबर पंच करा. आणि कॅम-टॅपेट एकमेकांवर घासून बसलेले असतात, ती जोडी फोडायची नाही.

प्रतिसाद २: क्रँक आधी क्रॅक टेस्टला द्या, टॅक्सीने काय काय सोसलंय कुणास ठाऊक. ऑइलची भोकं आतून साफ करून घ्या, गाळ तिथेच बसतो. बेअरिंग त्या क्रँकच्या साइजचे नवीन घ्या, तुमच्या जुन्याच्या साइजचे आणाल तर जाड पडतील, क्रँक आवळल्यावर जाम होईल. फ्लायव्हील कुठलंही लावा पण क्रँकबरोबर बॅलन्स करूनच. एकेक कॅप आवळून दर वेळी हाताने फिरवून बघा, कुठल्या कॅपला अडतो ते तिथेच कळतं.

धागाकर्ता: खूप आभार दोघांचे, कॅपा परत डब्यात ठेवल्या. पण एक घोळ झालाय, कॅम तिकडचाच टाकायचा म्हटलं तर टॅक्सीचे आठही टॅपेट पोराने एकाच डब्यात डिझेलमध्ये टाकून घासून चकाचक करून ठेवलेत, कुठला कॅमच्या कुठल्या लोबचा (उंचवट्याचा) काही पत्ता नाही 😬

प्रतिसाद १: मग आठही नवीन घ्या. आणि पोराला नंबर टाकलेली अंड्यांची ट्रे आणून द्या.