मदत हवी आहे: एएमटी गाडी सिग्नलला 'डी'मध्ये थरथरते, न्यूट्रलला शांत

नमस्कार मंडळी,

बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबवत नाही. तीस वर्षं स्वतः गाडी चालवलेला माणूस, घरात बसून राहणं त्यांना फार जड जातंय. म्हणून मागच्या महिन्यात त्यांच्यासाठी एक वापरलेली छोटी एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) हॅचबॅक घेतली. पेट्रोल, तीन सिलिंडर, 41,000 किमी झालेली.

चालताना काही तक्रार नाही. त्रास थांबल्यावर सुरू होतो. सिंहगड रोडला सिग्नलवर ब्रेक दाबून गाडी 'डी'मध्येच (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये) ठेवली की सीटमधून आणि स्टिअरिंगमधून बारीक थरथर जाणवते. काल कपहोल्डरमधल्या अर्ध्या बाटलीकडे लक्ष गेलं, पाण्यावर वळ्या उठत होत्या. न्यूट्रल टाकलं, दोन-तीन सेकंदांत पाणी शांत. परत 'डी', परत वळ्या. आरपीएमचा काटा 800 च्या आसपासच, 'डी'मध्ये केसभर खाली.

शिवाय सोसायटीच्या तळघरातून वर येताना चढावर रांगेत थांबावं लागलं, तेव्हा दोनदा करपल्यासारखा वास आला.

ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करा. न्यू जर्सीची आतेबहीण म्हणते, ती वीस वर्षांत कधीच सिग्नलला 'डी' काढत नाही, थरथर तर तिच्याही गाडीत येते. पण तिची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये तेल असतं, 'डी'मध्ये ब्रेक दाबला तरी इंजिन त्या तेलातून पुढे रेटतच राहतं. म्हणजे इंजिनावर भार येणारच.

आपल्याकडे 2014 साली सेलेरिओपासून छोट्या गाड्यांत आलेली एएमटी ही मुळात मॅन्युअलचीच गिअरबॉक्स, मॅन्युअलचीच कोरडी क्लच प्लेट. फक्त क्लच आपल्या पायाऐवजी एक यंत्रणा, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर दाबतो. मग ब्रेक दाबून उभं असताना तो क्लच पूर्ण दाबलेला असायला हवा ना? आणि तसा असेल तर 'डी' आणि न्यूट्रलमध्ये थरथरीचा फरक का पडावा? माझं इथेच अडलंय. कुणी ही गाडी रोज चालवत असेल तर कृपया सांगा. बाबांच्या हातात द्यायच्या आधी मला खात्री करून घ्यायची आहे.

प्रतिसाद

तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. एएमटी 'डी'मध्ये ब्रेकवर उभी असेल तर क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे इंजिनापासून सुटलेला हवा. ब्रेक सोडला की अ‍ॅक्च्युएटर तो अर्धवट धरतो आणि गाडी आपोआप सरकते, त्यालाच क्रीप म्हणतात. ब्रेक दाबलेला असतानाही थरथर येते म्हणजे प्लेट कुठेतरी घासत असण्याची शक्यता आहे. प्लेट झिजत जाते तसा क्लच पकडण्याचा बिंदू सरकतो. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून तो बिंदू गाडीला नव्याने शिकवता येतो. आधी तेवढं करून घ्या. लगेच प्लेट बदला म्हणणाऱ्याला प्लेटची झीज दाखवायला सांगा.

त्याआधी घरीच एक गोष्ट करा. सपाट जागा, इंजिन गरम, एसी बंद, ब्रेक पूर्ण दाबलेला, आणि तुमची तीच बाटली. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) हलतं आणि फसायला होतं. न्यूट्रललाही पाणी हललं तर क्लचला दोष देऊ नका, थ्रॉटल बॉडी, प्लग आणि इंजिन माउंटिंग बघा. तीन सिलिंडरला थोडी थरथर जन्मजातच असते.

तो वास मात्र क्लचचा. चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर किंवा क्रीपच्या भरवशावर गाडी अडवून धरली की प्लेट घसरत राहते आणि तापते. चढावर थांबायचं तर ब्रेकवरच, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक. निघताना अ‍ॅक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडायचा, अगदी मॅन्युअलसारखं. बाबांना हे शिकवावं लागणार नाही.

सिग्नलचं म्हणाल तर दहा-वीस सेकंदांसाठी 'डी' ठीक. मोठा सिग्नल असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक, गुडघ्यालाही आराम. आणि बहुतेक एएमटींना 'पी' (पार्क) नसतो, हे त्यांना नक्की सांगा. पार्क करताना हँडब्रेक ओढून, 'डी' किंवा 'आर'मध्येच (रिव्हर्स) इंजिन बंद करायचं, म्हणजे गिअर अडकलेला राहतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. आत्ताच खाली जाऊन बघितलं. एसी बंद, ब्रेक पूर्ण दाबून 'डी': वळ्या आहेत, पण कालच्यापेक्षा कमी. न्यूट्रल: पाणी आरशासारखं. म्हणजे थोडा हात एसीचाही होता, पण क्लचचं काहीतरी आहेच. शनिवारी स्कॅनर लावायला नेतोय. तोवर बाबांना सपाट रस्त्यावर, सकाळी लवकर, शेजारी मी बसून चालवायला दिली तर चालेल का? ते रोज किल्ली हातात घेऊन बसतात.

प्रतिसाद

चालेल. फक्त तळघरातून गाडी तुम्ही वर आणून द्या.