अर्थ-व्यापाराच्या बातम्यांवर पोरांची टेस्ट घ्यायची का नको?

कॉमर्सवाली मॅडम

मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला इकॉनॉमिक्स आणि ओसीएम (वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन) शिकवते. दर शनिवारी पहिल्या तासाला त्या आठवड्यातल्या धंद्याच्या आणि अर्थकारणाच्या बातम्यांवर 10 मार्कांची टेस्ट घेते, पाच प्रश्न, वीस मिनिटं. परवाच्या पालकसभेत तिघा-चौघांनी चांगलंच धारेवर धरलं. बोर्डाला येत नाही ते कशाला, पोरांवर आधीच क्लासचा लोड आहे, बंद करा म्हणाले. म्हणून इथं विचारतेय.

बारावीच्या पुस्तकात निर्देशांक आहे, नाणे बाजार आणि भांडवल बाजार आहे, विदेशी व्यापार आहे, आणि पोरं व्याख्या घडाघडा म्हणतात. पण 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, फेब्रुवारीत 6.50 टक्क्यांवरून 6.25 केला, एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये 5.50 आणि डिसेंबरात 5.25, तर याचं तुमच्या घरात काय झालं असं विचारलं की अख्खा वर्ग गप्प. मी टेस्टला विचारलं, रेपो उतरला तर कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान? बहुतेकांनी 'सगळ्यांचा फायदा' लिहिलं. एका मुलीनं लिहिलं की आज्जीबरोबर एफडी रिन्यू करायला गेले होते, जुन्या पावतीपेक्षा व्याज कमी लावलं, आज्जी पावती चष्म्याजवळ धरून काउंटरवरच्या माणसाला दोनदा विचारत होती, चुकलं नाही न्हवं? ते का झालं ते मला आज कळलं. मी तिला 10 पैकी 10 दिले. ही टेस्ट बंद करू?

राजारामपुरीतला पालक

मॅडम, पालकसभेतला मी नव्हे, पण माझंही मत तेच आहे. माझा मुलगा अकरावीत आहे, सकाळी सहाला सीए फाउंडेशनचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी अकाउंट्सची प्रॅक्टिस. त्यात शुक्रवारी रात्री अकरा वाजता मोबाईलवर बातम्या शोधत बसतो, कुठल्या कंपनीचा सीईओ कोण झाला, कुठला शेअर किती टक्के पडला, आणि सोमवारी विचारलं तर त्यातलं एक आठवत नाही. सीए इन्स्टिट्यूटनं जून 2024 पासूनच्या नव्या स्कीममध्ये फाउंडेशनमधून बिझनेस अँड कमर्शियल नॉलेजचा भाग काढूनच टाकला, आता चौथा पेपर नुसता बिझनेस इकॉनॉमिक्सचा. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांनीच काढला तर कॉलेजनं का घ्यावं? आधी पाया पक्का करा, बातम्या पोरगं नोकरीला लागल्यावर वाचेलच.

फौंड्रीवाला शिरोली

नोकरीला लागल्यावर वाचत नाहीत हो, तोच तर अनुभव आहे. शिरोली एमआयडीसीत माझी लहान फौंड्री आहे, ओतकामाचा कारखाना, 22 माणसं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर टॅरिफ, म्हणजे आयात कर, 50 टक्क्यांवर नेलं, टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. आम्ही ज्यांना कास्टिंग (ओतीव पार्ट) देतो त्यांचा थोडा माल तिकडं जातो, त्यांनी पुढच्या महिन्याचं शेड्यूल कमी केल्याचा मेल टाकला. आमच्या ऑफिसातला बीकॉम झालेला पोरगा, लई प्रामाणिक आहे, त्यानं तो मेल वाचला, फाईलला लावला आणि त्याच दुपारी स्क्रॅप आणि पिग आयर्न या कच्च्या मालाचं बुकिंग नेहमीएवढंच करून टाकलं. दीड महिना माल यार्डात पडून, आणि बँकेच्या सीसी कर्जाचं (कॅश क्रेडिट) व्याज माझ्या डोक्यावर.

आणि बातमी नुसती ऐकूनही भागत नव्हतं. गाड्यांच्या बऱ्याच पार्टना वेगळा 25 टक्क्यांचा नियम होता, सरसकट 50 नव्हता, म्हणजे आपला माल कशात बसतो ते बघायला पाहिजे होतं. हे बघायची सवय सतराव्या वर्षी लागली तर लागते. मॅडम, बंद करू नका.

रोज चालू घडामोडी

मी टेस्टच्या विरोधात आहे आणि हे पालकांपेक्षा वेगळ्या कारणानं सांगतोय. चार वर्षं एमपीएससी करतोय, रोजच्या चालू घडामोडी वहीत उतरवून काढायचं काम करतोय. माझ्या वहीत रेपो रेट चार वेळा खोडून लिहिलाय. रेपो ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा जण असतात, तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन सरकारनं नेमलेले, महागाईचं टार्गेट 4 टक्के आणि दोन्हीकडं 2 टक्के सूट, सगळं झोपेत विचारा. पण मागल्या वर्षी थोरल्या भावानं घराचं कर्ज काढलं, फ्लोटिंग (बदलतं व्याज) घेऊ का फिक्स (ठरलेलं व्याज) घेऊ विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, खरंच वाईट वाटलं. टेस्ट लावली की पोरं पाठच करणार, मार्क आले की पाठांतर आलंच. बातम्यांवर वर्गात बोला, भांडा, पण मार्क देऊ नका.

कॉमर्सवाली मॅडम

तुमचं म्हणणं मनाला लागलं. सुरुवातीचे दोन महिने माझे प्रश्न तसलेच होते, गव्हर्नर कोण, रेट किती, बैठक कधी. ती चूक माझीच आणि राजारामपुरीच्या पालकांची तक्रार त्या टेस्टबद्दल रास्त आहे. आता आकडा मीच फळ्यावर लिहून देते आणि त्याचं पुढं काय होतं ते विचारते. म्हणजे असं, 20 लाखांचं, 20 वर्षांचं घरकर्ज, व्याज 8.50 वरून 8.25 झालं तर हप्ता किती उतरेल? कॅलक्युलेटर घेऊन काढा. 300 रुपयांच्या आसपास येतो. मग विचारायचं, बँकेनं हप्ता तोच ठेवला तर? मग मुदत घटते. ऑक्टोबर 2019 पासून नव्या फ्लोटिंग घरकर्जाचा दर रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधावा लागतो, म्हणून हे लवकर पोचतं. तुमच्या भावाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे बघा.

पण मार्क काढले तर होणार नाही. मार्क नाहीत म्हटल्यावर पहिला तास रिकामा जातो, हे मी करून बघितलंय.

शिरोळकर

मॅडम, एक बाजू कुणीच बोलेना. तुमच्या वर्गात शिरोळ, हातकणंगले, पन्हाळ्याकडनं येणारी पोरं असतील. माझी बहीण सकाळी सहाच्या एसटीनं येते. घरात पेपर येत नाही, मोबाईल एक आणि तो वडिलांकडं. राजारामपुरीतल्या पोराला शुक्रवारी रात्री मोबाईल तरी मिळतो, हिला तेही नाही. मग टेस्ट कुणाची होते, डोक्याची का घरात पेपर येतो त्याची?

आणि बातम्या कुठल्या? सगळ्या मुंबईच्या, सेन्सेक्सच्या. ऊसदर विचारा की. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के रिकव्हरीला (उसातनं निघणारी साखर) क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3550, ही अर्थकारणाची बातमी न्हवं व्हय? बहिणीनं मला विचारलं होतं, बातमीत 3550 आणि आपल्या बिलात वेगळाच आकडा कसा. दोघं बसलो बिल घेऊन. रिकव्हरी 0.1 टक्क्यानं वाढली की क्विंटलला 3.46 रुपये जादा, समजा 12.25 धरली तर टनाला 4242 होतात, आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेलं आमच्या खात्यावर. एवढं समजायला आम्हाला दीड तास लागला. वडील बाजूला बसून ऐकत होते, इतकी वर्षं ऊस घालतात, म्हणाले हे मला कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं.

राजारामपुरीतला पालक

शिरोळकर, हे मला पटलं, असलं पोरगं घरी येऊन बोलायला लागलं तर मी कशाला विरोध करीन. पण मॅडम एक स्पष्ट सांगतो, या टेस्टचे मार्क बोर्डाच्या अंतर्गत 20 मार्कांत धरू नका. एका शनिवारी माझ्या पोराला 10 पैकी 2 पडले, रात्री जेवला नाही. पास-नापासाची भीती घालून पेपर वाचायला लावणं मला मान्य नाही, नव्हतं आणि नाही.

बारावी कॉमर्स

मी टेस्ट देणारी आहे, याच कॉलेजची की दुसऱ्या ते सांगत नाही. आमची टेस्ट मला आवडत नव्हती. मग सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा प्रश्न आला, 1500 रुपयांची चप्पल जोडी, आधी 18 टक्के, 22 सप्टेंबरपासून 5, गिऱ्हाइकाला किती वाचले? 270 वजा 75, 195. सगळ्यांनी बरोबर लिहिलं. पण आमचे काका चप्पल करतात, कोल्हापुरी, घरातच, वर्षाची विक्री 40 लाखांच्या कितीतरी खाली म्हणून त्यांचं रजिस्ट्रेशन नाही. ते गिऱ्हाइकाकडनं जीएसटी घेतच नाहीत, मग कमी काय करणार? मात्र चामडं, सोल, दोरा घेताना त्यांना जो कर पडतो त्याचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही. मी हे खाली लिहिलं. सरांनी अर्धा मार्क कापला, उत्तरात 195 एवढंच पाहिजे होतं म्हणाले.

फौंड्रीवाला शिरोली

बाळा, तुझं उत्तर बरोबर आहे. बारावी झाल्यावर पार्टटाइम करायचं असेल तर इथंच लिही.

कॉमर्सवाली मॅडम

तो अर्धा मार्क वाचून मी दहा मिनिटं नुसती बसले होते. मी तपासले असते तर? मला 195 पुरलं असतं का, प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

शिरोळकर, तुमच्या बहिणीसाठी एवढं करते. बुधवारी बातमीचं कात्रण वर्गाच्या बोर्डावर लावते, मराठी पेपरातलं, मोठ्या अक्षरात, आणि शनिवारी त्या कात्रणाबाहेरचं काही विचारत नाही. अंतर्गत 20 मध्ये मार्क धरणार नाही, हेही प्राचार्यांना लिहून देते. पण टेस्ट राहील आणि मार्कही राहतील. या बुधवारी कात्रण ऊसबिलाचं आहे. शिरोळकर, तुमच्या बिलाची नाव झाकलेली झेरॉक्स बहिणीकडं द्याल का?