देव न दाखवता श्रद्धा रंगवायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. श्रद्धा या विषयावर तैलरंगांत एक मालिका करतेय. मूर्ती, देऊळ, जोडलेले हात यातलं काहीच नको. झाड, दगड, पाणी, उजेड एवढ्यावरच भागवायचंय. अडचण अशी की प्रतीक फार ओळखीचं असलं की चित्राचं पोस्टर होतं. कमळ दिसलं की संपलं, बघणारा पुढे बघतच नाही. आणि अनोळखी असलं तर ते नुसतं निसर्गचित्र उरतं.

सध्या कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराची चित्रं पुन्हापुन्हा बघतेय. १८०८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘डोंगरातला क्रूस’मध्ये खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित झाडं म्हणजे आशा, असा अर्थ त्यानं स्वतःच सांगितला होता. निसर्गचित्र थेट वेदीवर नेलं म्हणून टीकाही झाली. मला मात्र त्याच्या ‘समुद्राकाठचा साधू’नं जास्त छळलंय. त्यात आधी जहाजं रेखली होती, ती त्यानं काढून टाकली. उरली एक इवलीशी आकृती आणि बहुतेक कॅनव्हास व्यापणारं आकाश. खुणा कमी केल्या आणि भाव वाढला!

हे साधायचं कसं? मोकळी जागा ओकीबोकी न वाटता भारलेली वाटावी म्हणून तुम्ही काय करता? पातळ थरांवर थर देता, की मोजकेच रंग वापरता? चित्राशेजारी अर्थ लिहून लावणं मला पटत नाही, पण शीर्षकात थोडा इशारा द्यावा का? चिनी-जपानी शाईचित्रांतल्या कोऱ्या जागेचा कुणी अभ्यास केला असेल तर जरूर लिहा.