बातमीत उमेदवाराऐवजी ‘वहिनी’ छापून आल्या, तर तक्रार कुठे करायची?

तिखटमीठ:
जिल्हा परिषद गटातली उमेदवार, बचत गटांचं काम केलेली. स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत मथळा: ‘माजी सभापतींच्या सौभाग्यवती रिंगणात’. तिचं नाव थेट चौथ्या ओळीत. पैठणीचा रंग आहे, ‘हसतमुख वहिनी’ आहे. पाणी योजनेवर ती बोलली त्याचा एक शब्द नाही. यूट्यूबवरच्या एका पोर्टलने तर ‘जावाजावांची जुंपली’ असं चालवलंय. कार्यकर्ते म्हणतात, कौतुकच आहे, सोडून द्या. सोडावं का?

कात्रणपेटी:
सोडू नका. अमेरिकेत २०१३ मध्ये वुमेन्स मीडिया सेंटर या संस्थेच्या मोहिमेसाठी याच विषयावर सर्वेक्षण झालं होतं. दिसण्याचं वर्णन कौतुकाचं असलं तरी उमेदवाराला तोटाच होतो, आणि तिने किंवा समर्थकांनी त्यावर बोट ठेवलं की गेलेली मतं बऱ्याच अंशी परत येतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडे बारामतीत २०२४ ला ‘नणंद विरुद्ध भावजय’ किती दिवस चाललं ते आठवा.

संपादकांना पत्र आजच पाठवा. भाषण नको, तीन-चार ओळी पुरेत: ‘दि. अमुक, पान ३. मथळ्यात उमेदवाराचं नाव नाही. त्याच पानावर पुरुष उमेदवारांची ओळख व्यवसाय आणि कामावरून दिली आहे. तीच पद्धत इथेही लावावी.’ ‘त्याच पानावर’ हे महत्त्वाचं. शेजारच्या बातमीचा दाखला दिला की ‘आमची शैलीच तशी आहे’ हे उत्तर देता येत नाही. जो मथळा खटकला तो फलकावर किंवा पोस्टमध्ये पुन्हा छापू नका. त्याचा प्रचार आपणच करून बसतो.

नियमावर_बोट:
पत्राची प्रत जपून ठेवा, पुढे तीच लागते. भारतीय प्रेस कौन्सिलकडे जायचं तर आधी संपादकांना लिहिलेलं असावं लागतं. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार. सोबत मूळ कात्रण, मराठी मजकुराचा इंग्रजी अनुवाद (अर्ज इथेच अडकतात), संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि प्रकरण कोर्टात नसल्याचं निवेदन. कौन्सिल दंड करत नाही. ताकीद देते, निर्भर्त्सना करते. मतदानाआधी निकाल लागेल ही आशा ठेवूच नका.

पोर्टल आणि वाहिन्या कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत. पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. व्हिडिओची लिंक, तारीख आणि वादग्रस्त वाक्य कितव्या मिनिटाला आहे ते लिहा. स्क्रीनशॉट आधी, तक्रार नंतर. मथळे गुपचूप बदलतात.

तिखटमीठ:
आणि आयोगाकडे? सी-व्हिजिलवर टाकावं म्हणतोय.

नियमावर_बोट:
ते भारत निवडणूक आयोगाचं ॲप, लोकसभा-विधानसभेसाठी. जिल्हा परिषद राज्य निवडणूक आयोगाकडे येते. लेखी तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. पण आचारसंहिता पक्ष आणि उमेदवारांना बांधते, वर्तमानपत्राला नाही. तिच्याविषयी कुणी पुढारी सभेत घाणेरडं बोलला तर मात्र हाच रस्ता. लोकसभेच्या वेळी समाजवादी पक्षाचे आझम खान यांना २०१९ मध्ये ७२ तास, काँग्रेसचे रणदीप सुरजेवाला यांना २०२४ मध्ये ४८ तास आणि त्याच वर्षी भाजपचे अभिजित गंगोपाध्याय यांना २४ तास प्रचारबंदी झाली होती, तिन्ही वेळा महिला नेत्यांबद्दलच्या वक्तव्यांवरून. पक्ष तीन वेगवेगळे, हे मुद्दाम सांगतो. शब्द स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूचे असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आहेच.

सुपारीफोड:
वरचं सगळं बरोबर, पण एकदा स्वतःची प्रेस नोट उघडून बघा. खाली संपर्क कुणाचा दिलाय? नवऱ्याचा नंबर असेल तर वार्ताहर त्यालाच फोन करणार, तोच बोलणार आणि मथळा ‘सौभाग्यवती’च होणार. नंबर तिचा द्या, किंवा तिच्याशी लगेच बोलणं करून देईल अशा कार्यकर्तीचा. पहिल्या ओळीत तिचं नाव आणि काम, दुसऱ्या ओळीत पाणी योजनेवरचं तिचं एक वाक्य, अवतरणचिन्हात. फोटो औक्षणाचा नको, टाकीपाशी लोकांशी बोलतानाचा द्या. आणि दुपारी चारच्या आत पाठवा. रात्री आठला आलेल्या नोटेतलं वाक्य कुणी वाचत बसत नाही, फोटोखाली ‘वहिनी’ टाकून पान छपाईला सोडतात.