विंडोला मराठीत काय म्हणावं? खिडकी, चौकट, पटल की विंडोच?

नौपाडाकर

शनिवारी सकाळी मी आठवी-नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. सगळी मराठी माध्यमाची. काळ्या पडद्यावर पाढे आणि बेरजा छापत होतो तोवर शब्दांवाचून काही अडलं नाही. गेल्या आठवड्यात टीकेइंटर (पायथनमधून पडद्यावर विंडो करायचं साधन) काढलं आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "आज आपण आपली स्वतःची खिडकी करायची." चार ओळी लिहिल्या. करडा, रिकामा चौकोन आला, वर नाव, कोपऱ्यात फुली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ताई, पण हिच्यातून दिसतं काय?"

काहीच दिसत नाही! पलीकडे काही नाहीच. मग हिला खिडकी का म्हणायचं? चौकट म्हणू का? की सरळ विंडो? येत्या शनिवारपर्यंत उत्तर हवंय.

कळवेकर

इंग्रजी शब्दाचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे, विंदाउगा. म्हणजे वाऱ्याचा डोळा. आपला गवाक्षही डोळाच, गाई-बैलाचा. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. थोडक्यात, काचेतून बाहेर बघत बसणं ही पुढची चैन, खिडकीचा जन्म वाऱ्यासाठी. त्यामुळे "दिसतं काय" हा प्रश्न चांगला असला तरी खिडकीवर तो थोडा अन्यायच आहे.

दुसरं, आपल्याकडे खिडकी म्हणजे लहान दारही. शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांत एक खिडकी दरवाजा आहे, त्यातून माणसं ये-जा करत. माझं मत खिडकीला. गवाक्ष कृपा करून नको, मुलं पळून जातील.

खाडीपलीकडे

महापेला नोकरी, वीस वर्षं सॉफ्टवेअरचंच काम. आमच्यात कोणी खिडकी म्हणत नाही. "विंडो उघडली", "विंडो अडकली", "त्या विंडोत टाक" असंच बोलतो. आणि गंमत बघा, विंडो स्त्रीलिंगी झाली ती खिडकीमुळेच. शब्द इंग्रजी, पण लिंग मराठीने आपलं दिलं. याउपर अजून काय मराठीकरण हवं?

चौकटीला मात्र माझा विरोध. टीकेइंटरमध्ये फ्रेम ही वेगळी वस्तू आहे, विंडोच्या आत बटणं-बिटणं एकत्र ठेवायला. चौकट हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर पुढच्या धड्याला पंचाईत. (जावा भाषेत मात्र फ्रेम म्हणजे अख्खी विंडोच, आणि व्हिज्युअल बेसिकवाले तिलाच फॉर्म म्हणायचे. म्हणजे इंग्रजीतही एकमत नाही.)

मुळात इंग्रजीतलं रूपकच तिरपागडं आहे. डेस्कटॉप म्हणजे टेबल. टेबलावर खिडक्या कोण ठेवतं? झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत १९७३ साली आल्टो नावाचा संगणक झाला. त्यावर पुढे एकमेकींवर चढणाऱ्या विंडो आल्या, त्या टेबलावर पसरलेल्या कागदांसारख्या. खरं तर "कागद" म्हणायला हवं होतं. विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ची, तिच्यात विंडो एकमेकींवर चढतच नसत, फरशांसारख्या शेजारी शेजारी बसत. एकीवर एक ठेवायची सोय १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

कोलबाडचा

पटल म्हणा की. छान भारदस्त.

कळवेकर

पटलावर विधिमंडळात कागदपत्रं ठेवतात आणि दृष्टिपटल डोळ्यात असतं. अजून किती भार टाकायचा त्या बिचाऱ्यावर?

जुना टोकनवाला

मी संगणकातला नाही. बँकेत पस्तीस वर्षं काउंटरवर बसलो, आता निवृत्त, घोडबंदर रोडला असतो. तुमची चर्चा वाचून एकच वाटलं. ताई, तुम्ही घराची खिडकी धरून बसला आहात. ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीतून कोण देखावा बघतं? एक खिडकी योजनेत तरी काय दिसतं? खिडकी म्हणजे जिथे जाऊन माणूस काम सांगतो ती जागा. कल्याणला खिडकी वडा मिळतो, तिथेही लोक बाहेर बघायला जात नाहीत. आम्हीही आत बसून वाट बघायचो, कोणी आलं की त्याचं काम करायचं, मग पुढचा. चूकभूल द्यावी घ्यावी.

नौपाडाकर

काका, तुम्ही माझा अख्खा धडा लिहून दिलात!

टीकेइंटरमध्ये शेवटी मेनलूप म्हणून एक ओळ लागते. ती का, हे मला कधी धड सांगताच आलं नव्हतं. दोन मुलं ती विसरली, त्यांची विंडो आली न आली तोच गायब. आता सांगता येईल: खिडकी उघडलीस, पण आत कारकून बसवलाच नाहीस. मेनलूप म्हणजे कारकुनाला सांगणं, बस इथे आणि कोणी येईपर्यंत हलू नकोस.

खाडीपलीकडे

मी माझं मत मागे घेतो. निम्मं.

काकांची खिडकी जितकी ताणाल तितकी पुरते. बाहेर रांग असते: माऊसचा क्लिक, कळफलकावरची कळ, "आकार बदलला", "फुली दाबली". एकेक पुढे येतो. कारकून एकच. तो एखादं काम घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दहा मिनिटं आलाच नाही, तर रांग तशीच उभी. ताई, याचा प्रयोगच करा. बटण दाबल्यावर दहा सेकंद झोपायचा हुकूम द्या, विंडो थिजून जाईल. मुलांना हँग होणं म्हणजे काय ते एकदाच कळेल. लांबचं काम असेल तर दुसऱ्या माणसाला पाठवायचं, कारकुनाने खुर्ची सोडायची नाही. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या पोरांना हे समजायला वर्ष जातं.

फुलीचंही तसंच. जावाच्या स्विंगमध्ये (तिकडचं टीकेइंटरच म्हणा) फुली दाबली की विंडो फक्त दडते, मुद्दाम सांगितलं नाही तर प्रोग्राम मागे चालूच. शटर खाली, कारकून आत.

आणि काका, तुमचं टोकनही आहे यात. विंडोजमध्ये सी भाषेत विंडो तयार केली की ती हातात मिळत नाही, तिचा नंबर मिळतो. त्याला हँडल म्हणतात. पुढे काहीही करायचं तर तो नंबर दाखवायचा.

जुना टोकनवाला

म्हणजे आमचा पितळी बिल्ला. चेक आत, बिल्ला हातात. हँडलला बिल्ला म्हणा, माझी हरकत नाही.

कळवेकर

बिल्ला! हा मला विंडोपेक्षाही आवडला.

पण रंगवण्याचं काय? मला आठवतं, विंडोज एक्सपीच्या काळात अडकलेल्या विंडोवरून दुसरी विंडो ओढली की तिची भुतं उमटत जायची, एकामागे एक. तिकीट खिडकीत ते कुठे बसवणार?

खाडीपलीकडे

तिथे उपमा थोडी तुटते, तुटू द्या. तेव्हा विंडोचं चित्र कोणी जपून ठेवत नसे. वरची विंडो सरकली की खालच्या प्रोग्रामला निरोप जायचा: तुझा एवढा भाग उघडा पडलाय, पुन्हा रंगव. कारकूनच गायब, तर रंगवणार कोण? म्हणून भुतं. फार तर असं म्हणा, खिडकीवरचा पाटी-खडूचा फलक पुसला गेला तर तो पुन्हा लिहिणं हेही त्याच कारकुनाचं काम. आणि हा निरोप रांगेत जवळजवळ शेवटी धरला जातो, क्लिक-कळा संपल्या की मग.

अजून एक शब्द हवाय. विंडोजमध्ये बटणसुद्धा आतून विंडोच असते, मोठ्या विंडोच्या पोटात. इंग्रजीत चाइल्ड विंडो. बालविंडो फारच बालवाडीसारखं वाटतं.

कळवेकर

पोटविंडो. पोटभाडेकरू, पोटकलम, तशी. मूळ विंडो मोडली की पोटातल्याही जातात ना?

खाडीपलीकडे

जातात. पोटभाडेकरूंपेक्षा निमूटपणे.

नौपाडाकर

शनिवार झाला. बोलताना विंडो, समजावताना तिकीट खिडकी, असं दोन्ही ठेवलं आणि कोणाचंच अडलं नाही. "दिसतं काय" विचारणाऱ्याला कारकून केला, बाकीच्यांची रांग लावली, त्याला मध्येच "झोप" म्हटलं. रांगेतून जो आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

पोटविंडो लगेच चालली. रांगेतल्या प्रत्येक क्लिकला, कळीला "इव्हेंट" म्हणतात, त्याला मी घटना म्हणून बघितलं, तर एकीने विचारलं, "आंबेडकरांनी लिहिली ती?" इव्हेंटच ठेवला.

फोकस मात्र राहिला होता. दोन विंडो उघड्या असताना टाइप केलेली अक्षरं नेमकी कुठे जाणार, त्याला काय म्हणायचं? मी "लक्ष", "केंद्र" असं काहीबाही चाचपडत होते. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा म्हणाला, "ताई, सरळ विचारा ना, आत्ता राज्य कोणावर आहे?"